कुओपिओचा वाकडा अल्बम

1993 सालच्या फेब्रुवारीत निघालेल्या एका अल्बमच्या पुस्तिकेत खुलासा छापलेला होता: गायकाच्या आवाजावर कुठलेही इफेक्ट वापरलेले नाहीत. गायकाने असं लेखी सांगावं ही एरवी हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. पण अल्बम लावला की अर्ध्या मिनिटात कळतं, खुलासा का करावा लागला ते. कानावर येतो तो आवाज माणसाचा वाटतच नाही. पोटभर जेवून उठलेल्या राक्षसाने ढेकर दिली, ती लांबवत नेली आणि तिच्यात शब्द कोंबले, तर जे काही होईल, ते हे गाणं.

अल्बमचं नाव ‘नेस्पिथे’. बँडचं नाव डेमिलिच. गाव कुओपिओ, देश फिनलंड. अकरा गाणी, सगळी मिळून जेमतेम चाळीस मिनिटं. ‘द स्पाइन’ या शब्दांचे तुकडे उलट्या क्रमाने लावले की ‘नेस्पिथे’ तयार होतं. डेमिलिच हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातला, मेल्यावरही न संपणारा एक जीव. म्हणजे कणा उलटा फिरवलेला आणि मालक अर्धवट मेलेला. एवढ्यावरून पोरांच्या डोक्यात काय चाललं होतं याचा अंदाज यावा. आज टेक्निकल डेथ मेटलच्या कुठल्याही गंभीर चर्चेत हा अल्बम येतोच. निघाला तेव्हा मात्र तो जवळजवळ कुणाच्या लक्षातही आला नाही, आणि बँडही फार दिवस टिकला नाही.

डेथ मेटलशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. 1980च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत थ्रॅश मेटल आणखी काळं आणि आणखी वेगवान करण्याची चढाओढ लागली. कॅलिफोर्नियातल्या पझेस्ड या बँडचा ‘सेव्हन चर्चेस’ 1985 मध्ये आला, फ्लोरिडातल्या डेथ या बँडचा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ 1987 मध्ये. गिटारी खालच्या सुरात लावलेल्या, ड्रमवर ब्लास्ट बीट, म्हणजे स्नेअर, बेस ड्रम आणि झांज यांचा अखंड मारा, आणि गाणं म्हणजे गुरगुर. टँपा शहरातला मॉरिसाउंड स्टुडिओ आणि तिथले ध्वनिमुद्रक स्कॉट बर्न्स हे काही वर्षं या संगीताचं तीर्थक्षेत्र होतं. तिथून निघालेल्या अल्बमांचा आवाज इतका सारखा असायचा की पुढे पुढे लोक त्यालाच डेथ मेटल समजू लागले.

1991 च्या सुमारास याच मंडळींपैकी काहींना नुसत्या वेगाचा कंटाळा आला. डेथचा ‘ह्यूमन’, अथीइस्टचा ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’, न्यूयॉर्कच्या सफोकेशनचा ‘एफिजी ऑफ द फॉरगॉटन’ हे सगळे त्याच वर्षीचे. चालींमध्ये गुंतागुंत आली, मात्रांची मोडतोड सुरू झाली, जॅझ ऐकणारे बेसवादक आणि ड्रमर आत शिरले. टेक्निकल डेथ मेटल म्हणतात ते इथून. पण ‘टेक्निकल’ म्हटलं की ऐकणाऱ्याला बोटांची चपळाई आठवते. सेकंदाला किती स्वर वाजवले याचे हिशोब घालणारे रसिक या प्रांतात भरपूर आहेत. मला हा हिशोब कायम सर्कशीतला वाटत आला आहे. ‘नेस्पिथे’मध्ये चपळाई दाखवण्याची हौस नाही. तिथलं सगळं अवघडपण रचनेत आहे, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं शिळं झालेलं नाही.

कुओपिओ हे हेलसिंकीपासून उत्तरेकडे सुमारे 400 किलोमीटरवर, कल्लावेसी सरोवराच्या काठावरचं शहर. राईच्या पावाच्या पोटात मासे भरून भाजतात तो कालाकुक्को हा इथला नावाजलेला पदार्थ. 1990 साली इथे डेमिलिच सुरू झाला. गिटार आणि गायन अंट्टी बोमन, दुसरी गिटार आकी ह्यूटोनेन, ड्रमवर मिक्को विर्नेस, बेसवर विल्ले कोइस्टिनेन. सगळी पोरं कोवळ्या वयातली. त्याच काळात फिनलंडची अर्थव्यवस्था कोसळत होती. सोव्हिएत संघाशी असलेला व्यापार बुडाला, 1991 च्या नोव्हेंबरात मार्क्का या चलनाचं अवमूल्यन झालं, आणि 1990 मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी 1994 पर्यंत सोळा टक्क्यांच्या वर गेली. मंदी आली म्हणून संगीत काळं झालं, असं लिहिणं फार सोपं आहे. ते मी लिहिणार नाही. मंदी आणखी पुष्कळ देशांत आली, तिथून ‘नेस्पिथे’ निघाला नाही.

फिनलंडमध्ये त्या वेळी डेथ मेटलचं पीक जोरात होतं. कन्व्हल्स, डेमिगॉड, अमॉर्फिस, सेन्टेन्स्ड, अॅड्रॅमेलेक. शेजारच्या स्वीडनमधल्या बँडांनी गिटारचा करवतीसारखा आवाज घडवला आणि त्याच्या जोरावर जगभर नाव कमावलं. फिनिश बँडांना अशी एक ओळखीची खूण नव्हती. प्रत्येकाचा चक्रमपणा वेगळा, त्यामुळे त्यांना एका गठ्ठ्यात बांधून विकणंही अवघड.

तेव्हा हे संगीत पसरायचं ते टपालाने. बँड डेमो कॅसेट काढायचा, हाताने कापलेल्या छोट्या जाहिराती पाकिटात भरायचा, आणि ते पाकीट ज्याच्याकडे जाई तो आपल्या कॅसेटच्या प्रती काढून पुढच्या तिघांना धाडायचा. विद्यार्थ्यांच्या खिशाला परदेशी टपालाचा खर्च परवडायचा नाही. मग तिकिटांवर आधी गोंदाचा किंवा साबणाचा पातळ थर द्यायचा. टपालखात्याचा शिक्का त्या थरावर बसे. समोरचा माणूस तिकीट पाण्यात भिजवून शिक्का धुऊन काढी आणि तेच तिकीट उलट टपाली वापरी. पत्राच्या शेवटी ‘तिकिटं परत पाठव’ अशी सूचना ठरलेली. जगभरातल्या डेथ मेटलची पहिली चार-पाच वर्षं अशा धुतलेल्या तिकिटांवर चालली. डेमिलिचचे 1991 आणि 1992 मधले चार डेमो याच वाटेने फिरले, आणि त्यातूनच कॅलिफोर्नियातल्या नेक्रोपोलिस रेकॉर्ड्स या नव्या, छोट्या कंपनीशी गाठ पडली. अल्बमचं ध्वनिमुद्रण 1992 मध्ये झालं.

आता प्रत्यक्ष संगीताकडे येतो. पहिलं गाणं लावा. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘सूर्य पाण्याचं वजन प्यायला तेव्हा’ असा. गिटारीची चाल, म्हणजे रिफ, सुरू होते आणि कान लगेच आधार शोधू लागतो. रॉकमध्ये तो सहज मिळतो. चारचार मात्रांचे डबे जोडत गेलेले असतात, आणि चाल कुठल्या तरी एका स्वराभोवती फिरत असते. इथे चाल अर्ध्या अर्ध्या स्वराने सरपटत जाते. कुठला षड्ज धरावा तेच कळत नाही. धरलाच तर पुढच्या वळणावर तो निसटतो. बाकीच्या डेथ मेटलमध्ये दोन-तीन तारा एकदम वाजवून भिंत उभी करण्याची पद्धत आहे. डेमिलिच बऱ्याचदा एकेका स्वराची रेघ ओढतात, आणि ती रेघ सरळ कधीच जात नाही. त्यामुळे गिटारी खालच्या आणि खरखरीत असूनही काय वाजतंय ते नीट ऐकू येतं.

मात्रांचंही तसंच. आपल्याकडच्या कानाला विषम विभागणीचं भय नाही. रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा, आणि दोन्ही ऐकताना आपण निवांत मान डोलावतो, कारण आवर्तन ठरलेलं असतं आणि सम कधी येणार ते माहीत असतं. डेमिलिचची गंमत अशी की एका रिफची लांबी कानाला कळते न कळते तोच दुसरा रिफ वेगळ्या लांबीचा येतो. सम पकडायची म्हणून थांबावं, तर आवर्तनच बदललेलं असतं. विर्नेसचे ड्रम इथे फार महत्त्वाचे आहेत. त्याने ठेका एका जागी रोवून गिटारींना त्याच्यावर नाचवलं नाही. गिटार जिथे अडखळते तिथे ड्रमही अडखळतात, ती जिथे वळते तिथे तेही वळतात. त्यामुळे चौघे मिळून एकच लांबलचक, अनेक सांध्यांचा प्राणी चालत असल्याचा भास होतो. मध्येच ब्लास्ट बीटचा झटका येतो आणि जातो. बहुतेक काळ गती मध्यमच आहे. ऐकणाऱ्याला दमवतो तो वेग नव्हे, पुढे काय येणार याचा अंदाज सतत चुकत राहणं दमवतं.

आणि आवाज. आपल्या घशात खऱ्या स्वरतंतूंच्या थोड्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. नेहमीच्या बोलण्या-गाण्यात ती बाजूला असते. काही गायक तिलाही कामाला लावतात. मध्य आशियातल्या तुवा प्रांतातलं कार्गिरा गायन आणि तिबेटी बौद्ध मठांतलं खर्जातलं मंत्रपठण हे त्याचे जुने नमुने. तिथे वरच्या घड्या खालच्या तंतूंच्या निम्म्या गतीने कंप पावतात, म्हणून आवाज एक सप्तक खाली घसरल्यासारखा वाटतो. डेथ मेटलच्या गुरगुरीत घशाचा हाच वरचा भाग कामाला लागतो, फक्त तिथला कंप अनियमित ठेवलेला असतो. सूर हरवतो आणि खरखर उरते. अशी गुरगुर खोलीत समोर उभं राहून ऐकली तर वाटते तितकी मोठी नसते. तिला अजस्र करतो तो तोंडाशी धरलेला मायक्रोफोन.

बोमनचा आवाज याही सगळ्यांच्या तळाशी आहे. बाकीचे गायक खालच्या पट्टीतही ओरडत असतात, रागाचा काही अंश त्यात असतो. बोमन ओरडत नाही. त्याच्या आवाजात राग नाही, धमकी नाही, फक्त बुडबुडे आहेत. स्वर आणि व्यंजन यांच्यातला फरक पुसला जातो, शब्द ओळखू येत नाहीत, पण लय अचूक येते. थोड्या वेळाने ध्यानात येतं की हे गायन नसून पाचवं वाद्य आहे, आणि तेही रिफच्या वळणांवरच चालतं. काही श्रोत्यांना हसू येतं. येऊ द्यावं. मला वाटतं बँडलाही ते चाललं असतं.

असं वाटण्याचं कारण गाण्यांची नावं. दुसऱ्या गाण्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘चौदा चतुष्प्रादेशिक मितींचा सोळावा षड्दंत पुत्र (अद्याप अनामिक)’. कंसातला खुलासासुद्धा नावाचाच भाग आहे. आणखी एका नावात अख्खी कथाच आहे: देवत्व आणि अमरत्व मिळवण्यासाठी मांस शोषून घेणारा ग्रह शेवटी त्याच मांसात गुदमरतो. त्या काळातल्या डेथ मेटलचा बराच माल म्हणजे खून, प्रेतं आणि शवागार. त्याचे अवशेष इथेही आहेत, शेवटच्या गाण्याचं नाव तर तसंच बटबटीत आहे. पण एकूण ओढा निराळा. पोरं परग्रहावरच्या पुराणकथा सांगू पाहत होती, आणि संगीतही तसंच घडवत होती. हे दोन्ही एकमेकांना धरून आहे, म्हणून नावं नुसती विचित्र वाटत नाहीत.

मग हा अल्बम दुर्लक्षित का राहिला? एक कारण उघड आहे: कंपनी लहान, दूरवरची, जाहिरातीला पैसे नाहीत. पण 1993 हे सालही फार वाईट निघालं. त्या वर्षी डेथ मेटलमध्ये खरोखरीचा पैसा शिरला. मॉर्बिड एंजलचा ‘कव्हनंट’ अमेरिकेत एका बड्या रेकॉर्ड कंपनीच्या आश्रयाने आला. कारकॅसने ‘हार्टवर्क’ काढून डेथ मेटलमध्ये गुणगुणण्याजोग्या चाली आणल्या. ज्यांना डोकेबाज संगीत हवं होतं त्यांच्यासाठी डेथचा ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’, सिनिकचा ‘फोकस’, पेस्टिलेन्सचा ‘स्फिअर्स’ हे सगळे त्याच वर्षी. हे अल्बम जॅझच्या अंगाने जाणारे, स्वच्छ, चकचकीत. त्यांच्यापुढे डेमिलिच म्हणजे चिखलातून आलेला पाहुणा. आणि ज्यांना चकचकीतपणा नको होता, अंधार हवा होता, त्यांचं लक्ष नॉर्वेकडे वळलं. तिथे चर्च जळत होती, ऑगस्टमध्ये मेहेम बँडच्या युरोनिमसचा खून झाला, आणि ब्लॅक मेटल या तिथल्या शाखेच्या बातम्या संगीताच्या मासिकांतून बाहेर पडून वर्तमानपत्रांत पोचल्या. कुओपिओच्या पोरांकडे ना चकाकी होती ना गुन्हा. फक्त रिफ होते.

ही कहाणी एकट्या डेमिलिचची नाही. अथीइस्टचा बेसवादक रॉजर पॅटर्सन 1991 च्या फेब्रुवारीत गाडीच्या अपघातात गेला. त्याने रचलेल्या बेसच्या ओळी टोनी चॉय या दुसऱ्या बेसवादकाने वाजवून ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’ पुरा केला, तरी त्या अल्बमला मान मिळायला बरीच वर्षं जावी लागली. क्वेबेकच्या गॉरगट्सना कंपनीने दोन अल्बमांनंतर वाऱ्यावर सोडलं. त्यांचा ‘ऑब्स्क्युरा’ 1998 मध्ये निघाला तेव्हा तो अनेकांना बिघडलेल्या यंत्रासारखा वाटला, आज तो पाठ्यपुस्तक मानला जातो. मिसुरीच्या टाइमघोलला तर अल्बम काढताच आला नाही. 1992 आणि 1994 चे दोन डेमो, बस्स. 2012 मध्ये ते एकत्र छापले गेले. या सगळ्यांमध्ये समान धागा काय? ते ज्या श्रोत्यासाठी वाजवत होते तो श्रोता अजून तयार झाला नव्हता.

श्रोता तयार झाला तो 2000 नंतर. कॅसेटच्या जागी फाइली आल्या, आणि एखाद्याच्या संग्रहात पडून राहिलेला अल्बम एका रात्रीत हजार घरी पोचू लागला. इथे बोमनने जे केलं ते मला या कहाणीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. त्याने बँडचं संगीत संकेतस्थळावर फुकट उतरवून घेण्यासाठी ठेवलं. पैसे मिळण्याची आशा तशीही नव्हती, मग अडवून तरी काय साधणार? दुर्मिळ सीडीच्या मागे धावणारे संग्राहक अल्बमची किंमत वाढवतात, कीर्ती वाढवत नाहीत. कीर्ती ऐकणारे वाढवतात. 2005 मध्ये बँड काही काळ पुन्हा जमला, 2006 मध्ये तीन नवी गाणी ध्वनिमुद्रित झाली. 2014 मध्ये फिनलंडच्याच स्वार्ट रेकॉर्ड्सने अल्बम, जुने डेमो आणि ही नवी गाणी एकत्र करून ‘ट्वेन्टिएथ अॅडव्हर्सरी ऑफ एम्प्टिनेस’ या नावाने संग्रह काढला.

तोवर दुसरीकडे पोरांची पोरं वाजवू लागली होती. माँट्रियालच्या थेलिस्ट या बँडने 2016 मध्ये काढलेल्या अल्बमवर डेमिलिचची छाप इतकी उघड आहे की ती लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केलेला नाही. न्यूयॉर्कचा आर्टिफिशियल ब्रेन, कोलोरॅडोचा ब्लड इन्कँटेशन, टोरंटोचा टूम मोल्ड ऐका. सरपटणारा रिफ, अवकाशातल्या दंतकथा, तळातला आवाज, सगळं ओळखीचं वाटेल. यांतले बरेच वादक ‘नेस्पिथे’ निघाला तेव्हा शाळेतही गेलेले नसतील.

अल्बममध्ये उणं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. आवाज एकच एक आहे, त्याला दुसरी छटा नाही, आणि अकरा गाणी सलग ऐकताना सातव्या-आठव्या गाण्यापाशी कान बधिर होतो. रिफ एकापुढे एक रांगेत येतात, काही गाणी संपतात तेव्हा ती संपली की फक्त थांबली हे सांगता येत नाही. ध्वनिमुद्रण कोरडं आहे. पण याच कोरडेपणामुळे प्रत्येक रेघ दिसते. टँपाच्या पॉलिशखाली हे संगीत गुदमरलं असतं. दोष आणि गुण इथे एकाच ठिकाणाहून येतात, वेगळे काढता येत नाहीत.

ऐकायचं असेल तर काही गोष्टी करा. पहिल्यांदा आवाजाकडे लक्ष देऊ नका, तो बाजूला खरखरत राहू द्या. कान फक्त गिटारीवर ठेवा आणि एक रिफ बोटांवर मोजायचा प्रयत्न करा. मोजदाद फसेल, दुसऱ्यांदाही फसेल. हेडफोन लावून ऐका, कारण दोन गिटारी कुठे जोडीने चालतात आणि कुठे फुटतात हे मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर कळणार नाही. एका बैठकीत तीनच गाणी, त्याहून जास्त नको. ती तीन आवडली नाहीत तर पुढची आठही आवडणार नाहीत, तेव्हा तिथेच थांबलात तरी चालेल. आवडली, तर पुढचा मुक्काम गॉरगट्सचा ‘ऑब्स्क्युरा’.